अमेरिकेतली थंडी आणि मोंढ्यातलं सोयाबीन

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्या घरात रात्री साडेअकरापर्यंत मोबाईलवर लाल-हिरव्या काड्या बघत बसणारं पोरगं आहे, त्यांनी तर नक्कीच वाचा.

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ प्रेसनोट घेऊन माझ्याकडे आले. तालुक्याच्या गावात कमोडिटी ट्रेडिंगचा क्लास सुरू होतोय. फी पंधरा हजार, तीन आठवडे. उद्घाटनाला पुढारी, फीत कापणार, फोटो. फ्लेक्स आधीच लागलाय: ‘ट्रेंड पकडा, आयुष्य बदला’. त्यांना जाहिरात नको होती, बातमी हवी होती. जाहिरात नंतर देऊ म्हणाले.

मी एकच प्रश्न विचारला. “ट्रेंडच्या मागे जाऊन वायद्यात अजून पैसा होतो का?”

“सर, ट्रेंड कधी मरत नसतो.”

“तुमचं स्वतःचं मागच्या तीन वर्षांचं ट्रेडिंगचं खातं दाखवता का?”

गृहस्थ हसले. चहा अर्धा ठेवून निघून गेले. बातमी मी लावली नाही. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही, कारण तो प्रश्न मला याआधी दुसऱ्याच माणसाने दुसऱ्याच शब्दांत विचारला होता.

2024-25 च्या हिवाळ्यातली गोष्ट. ओळखीचे एक काका, सोयाबीन-हळदवाले. नाव लिहीत नाही. त्यांनी 40 क्विंटल सोयाबीन मोंढ्यात 4,100 ने घातलं होतं. हिशेब करा, 1 लाख 64 हजार. त्यावर्षी हमीभाव होता 4,892. म्हणजे क्विंटलमागे जवळपास आठशेचा खड्डा घरूनच. त्या पैशातले एक लाख पोराने ‘दुप्पट करून देतो’ म्हणून घेतले आणि नॅचरल गॅसच्या वायद्यात घातले. दीड महिन्यात राहिले 31 हजार.

काका माझ्याकडे आले ते तक्रार घेऊन नाही. त्यांना फक्त समजून घ्यायचं होतं.

“भाऊ, हा गॅस कोणता? आपल्या टाकीचा का?”

मी सांगितलं, नाही काका. हा अमेरिकेतला गॅस. तिकडे थंडी जास्त पडली की घरं गरम करायला गॅस जास्त लागतो, भाव वर. थंडी कमी, भाव खाली. दर गुरुवारी रात्री तिकडच्या साठ्याचा आकडा येतो आणि आपल्याकडची पोरं जेवण सोडून तो बघत बसतात.

काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मग आपल्या सोयाबीनचाच वायदा का नाही केला त्यानं? सोयाबीनचं तर आपल्याला कळतंय की.”

माझी आजची सगळी पोस्ट या एका प्रश्नावर आहे. पण आधी क्लासवाल्यांच्या दाव्याचं बघू.

ट्रेंडच्या मागे जाणं म्हणजे काय? सोपं आहे. भाव का वाढतोय हे विचारायचं नाही. वाढतोय ना, मग घ्यायचं. पडतोय ना, मग विकायचं. उलटला की तोटा खाऊन निघायचं. क्लासमध्ये ज्यांची स्लाईड हमखास दाखवतात ते शिकागोचे रिचर्ड डेनिस. 1983 च्या शेवटी त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन माणसं निवडली, दोन आठवडे शिकवलं, आणि स्वतःचा पैसा त्यांच्या हातात दिला. त्यांनाच ‘टर्टल’ म्हणतात, कासवं. नियम असा की वीस दिवसांतला सगळ्यात वरचा भाव ओलांडला की घ्या, दहा दिवसांतला सगळ्यात खालचा भाव तुटला की निघा. खाली जाताना याच्या उलट. कासवांनी खरंच खूप पैसा केला. हे खोटं नाही.

आणि हे फक्त तेव्हाच चाललं असंही नाही. 2012 मध्ये मॉस्कोविट्झ, ओई आणि पेडरसन या तिघांनी जगातले 58 वायदे तपासले आणि दाखवलं की मागच्या वर्षभराची दिशा पुढे काही महिने टिकते. 2008 मध्ये कच्चं तेल जुलैत 147 डॉलरला गेलं आणि डिसेंबरपर्यंत चाळिसाच्याही खाली आलं, त्यावर्षी सगळं जग बुडत असताना ट्रेंडवाल्या फंडांनी कमावलं. 2022 मध्ये युक्रेन युद्धाच्या काळात पुन्हा कमावलं. 2024 मध्ये कोकोचा भाव असा पळाला की कधी कोणी ऐकलं नव्हतं. आणि सोनं तर आपल्या डोळ्यांसमोर आहे: 2025 च्या जानेवारीत तोळा अठ्ठ्याहत्तर हजारांच्या आसपास होता, ऑक्टोबरात एक लाख वीस हजारांच्या वर.

म्हणजे क्लासवाले गृहस्थ खरं बोलत होते. ट्रेंड मेलेला नाही.

मग माझं भांडण काय? माझं भांडण हे की ते अर्धंच बोलत होते, आणि जे बोलत नव्हते त्यातच आपल्या पोरांची माती होते.

पहिलं न सांगितलेलं. या पद्धतीत दहातले सहा-सात सौदे तोट्यातच जातात. ही चूक नाही, पद्धतच तशी आहे. लहान लहान तोटे खात बसायचं आणि एखाद-दुसऱ्या मोठ्या लाटेत सगळं वसूल करायचं. ती लाट कुठे येईल हे आधी कळत नाही. म्हणून हे फंड कॉफी, कोको, साखर, कापूस, सोनं, तांबं, तेल, सरकारी रोखे, परदेशी चलनं अशा पन्नास-साठ बाजारांत एकाच वेळी बसलेले असतात. 2024 चा पैसा कोकोत होता. आपल्या तालुक्यातल्या कुणाच्या मोबाईलवर कोको होता, सांगा.

दुसरं न सांगितलेलं. दुष्काळ. 2011-12 कोरडी गेली. 2015 ते 2018 जवळपास कोरडी गेली. 2025 च्या एप्रिलमध्ये ट्रम्प यांनी आयातशुल्काच्या घोषणा केल्या, मग फिरवल्या, आणि ट्रेंडवाले मोठमोठे फंड दोन्हीकडून मार खाऊन बसले. त्यांच्याकडे पेन्शन फंडांचा पैसा आहे, ते चार वर्षं थांबू शकतात. आपला पोरगा जूनपर्यंतसुद्धा थांबू शकत नाही, कारण जूनमध्ये बियाणं घ्यायचंय. आणि ज्यांची स्लाईड दाखवता त्या डेनिस साहेबांनीसुद्धा मोठे तोटे झाल्यावर 1988 मध्ये लोकांच्या पैशाचे फंड बंद केले. ती स्लाईड का नसते?

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते साधं अंकगणित आहे. कासवांचा नियम असा की एका सौद्यात भांडवलाच्या साधारण 2 टक्क्यांपेक्षा जास्त धोका घ्यायचा नाही. आता आपल्या पोराचं गणित मांडा. गॅसचा भाव 300 रुपये धरा. मोठा लॉट 1,250 एमएमबीटीयूचा, म्हणजे पावणेचार लाखांचा माल. गॅस दिवसात 3 टक्के हलणं ही रोजची गोष्ट. 3 टक्के म्हणजे 9 रुपये, लॉटमागे 11,250 रुपये. एक लाखाच्या भांडवलात सव्वाअकरा टक्के, एका दिवसात! बरं, छोटा लॉट घेतला, 250 चा. दोन दिवसांच्या हालचालीइतका स्टॉपलॉस ठेवला तरी 4,500 रुपये. 2 टक्क्यांचा नियम पाळायचा तर नुसत्या एका छोट्या लॉटला सव्वादोन लाख पाहिजेत. आणि असे दहा-वीस बाजार पाहिजेत. पंधरा हजार फी भरून जे शिकवलं जातं ते पाळायला लागणारं भांडवल त्या वर्गात बसलेल्या एकाकडेही नसतं. शिकवणाऱ्याला हे माहीत असतं.

लागोपाठ दहा सौदे चुकले तर? या पद्धतीत तशी वेळ येतेच येते. 2 टक्क्यांनी खेळणाऱ्याचे लाखाचे 82 हजार उरतात. 10 टक्क्यांनी खेळणाऱ्याचे 35 हजार. काकांच्या पोराचे 31 राहिले होते. पोराला अक्कल नव्हती असं मी म्हणणार नाही. पोराने स्टॉपलॉस लावले होते, सगळं क्लासमध्ये सांगितल्यासारखं केलं होतं. लॉट खिशापेक्षा मोठा होता, एवढंच.

आणि स्टॉपलॉस म्हणजे देव नव्हे. 20 एप्रिल 2020 आठवा. लॉकडाऊनमुळे एमसीएक्स संध्याकाळी पाचला बंद व्हायचं. पाच वाजता कच्चं तेल 965 रुपयांच्या आसपास होतं. रात्री अमेरिकेत भाव शून्याखाली गेला, उणे 37.63 डॉलर. इथल्यांना निघायला दारच नव्हतं. शेवटी हिशेब झाला उणे 2,884 रुपयांनी. 100 बॅरलच्या एका लॉटमागे पावणेचार लाखांच्या वर फटका. ज्याने पाच वाजता ‘आता याच्या खाली कुठं जाणार’ म्हणून घेतलं, त्याला कळलं की शून्याच्या खालीही मजले असतात.

सेबीचा आकडा सगळ्यांनी ऐकलाय: 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या दर शंभर व्यक्तींमागे 93 जणांचा तोटा. हा आकडा शेअर बाजाराचा आहे, कमोडिटीचा नव्हे, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण पोरं तीच आहेत, मोबाईल तोच आहे.

आता काकांच्या प्रश्नाकडे येऊ. सोयाबीनचाच वायदा का नाही केला?

काका, कारण तो तेव्हा बंद होता. 20 डिसेंबर 2021 ला सेबीने सोयाबीन, हरभरा, मोहरी, गहू, साधा तांदूळ, मूग आणि कच्चं पामतेल यांचे वायदे बंद केले. हरभऱ्याचे नवे वायदे तर ऑगस्टपासूनच बंद होते. सांगितलं, एक वर्षासाठी. मग आणखी एक वर्ष. मग आणखी एक. मग महिना-दोन महिन्यांच्या मुदतवाढी, आणि नंतर 31 मार्च 2026 पर्यंत. आपल्या मराठवाड्या-विदर्भाच्या शेतात जे पिकतं त्यातलं सोयाबीन आणि हरभरा, दोन्ही या यादीत होतं.

म्हणजे बघा काय झालंय. ज्या मालाचं आपल्याला कळतं, ज्याची पेरणी, फुलोरा, शेंगेतला दाणा आपण डोळ्यांनी बघतो, आवक किती होणार याचा अंदाज ज्याला मोंढ्यातला हमालसुद्धा सांगेल, त्या मालाच्या वायद्याला तेव्हा कुलूप होतं. आणि अमेरिकेतल्या थंडीचा सट्टा मध्यरात्रीपर्यंत खुला, मोबाईलवर, एका बोटावर. या धोरणाला काय म्हणायचं?

सरकार म्हणेल, सट्टेबाज भाव वाढवतात, महागाई होते. हे आपण 2007 पासून ऐकतोय. तेव्हा तूर, उडीद, गहू, तांदळाचे वायदे बंद केले. 2008 मध्ये हरभरा, सोयातेल, बटाटा, रबर. त्याच काळात सरकारनेच अभिजित सेन यांची समिती नेमली, आणि वायद्यांमुळेच महागाई वाढली असं ठामपणे सांगण्यासारखा पुरावा त्या समितीला मिळाला नाही. पुढे 2012 मध्ये राजस्थानातल्या गवारीचा वायदा बंद झाला, तिथे मात्र भाव खरोखर वेड्यासारखे पळाले होते. तिथे हात घालायला कारण होतं, आणि वर्षभराने, 2013 मध्ये, तो वायदा पुन्हा सुरूही झाला. सोयाबीनच्या कुलपाला मात्र मुदतवाढच मिळत गेली.

आणि सोयाबीनचा भाव वायद्यामुळे वर राहतो म्हणता, तर वायदा बंद झाल्यावर काय झालं? 2021 च्या ऑगस्टमध्ये भाव दहा हजारांजवळ गेला होता. सरकारने त्याच महिन्यात बारा लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, नवा माल यायच्या तोंडावर भाव कोसळला. तेव्हा ट्रेंड कुणी मोडला? बाजाराने नाही मोडला. एका कागदाने मोडला. पुढे खाद्यतेलाचं आयातशुल्क सप्टेंबर 2024 मध्ये वाढवलं, मे 2025 मध्ये कच्च्या तेलावरचं कमी केलं. आपल्याकडच्या शेतमालाचा ट्रेंड तक्त्यावर कमी आणि दिल्लीच्या अधिसूचनेत जास्त असतो. ही गोष्ट कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत.

काही जण म्हणतील, वायदा म्हणजे जुगार, बंदच बरा. भाव पडले त्यात वायदाबंदीचा काय दोष? बरोबर आहे, भाव पडण्याला जगातलं उत्पादन, आयात, पेंडीची मागणी अशी दहा कारणं आहेत. वायदा सुरू असता तर भाव वाढला असता असं मी म्हणत नाही. मी म्हणतोय की पुढचा भाव दिसला असता. पेरतानाच कळलं असतं की ऑक्टोबरचा सौदा आज कितीने चाललाय. शेतकरी उत्पादक कंपनीला थोडा माल आधीच बांधून ठेवता आला असता. ते दिसत नाही म्हणून आपला शेतकरी काय करतो? मागचा भाव धरून बसतो. 2021 चे दहा हजार डोक्यात ठेवून 2022 चं सोयाबीन किती जणांनी घरात भरून ठेवलं, आठवा. 2023 च्या पावसाळ्यापर्यंत भाव पाच हजारांच्या खाली. तेही ट्रेंडच्या मागे जाणंच होतं. फक्त स्टॉपलॉस नव्हता, आणि माल उंदीर खात होते.

2025 मध्ये तर सप्टेंबरच्या पावसाने शेतं पाण्याखाली गेली. त्या हंगामाचा हमीभाव 5,328 होता, आणि मोंढ्यात डागी म्हणून जे भाव पुकारले गेले ते तुम्ही रोज ऐकलेत. जे हातात आलंय ते नेहमीच्या निम्मंही नाही. त्या पैशावर आता फ्लेक्सवाल्यांची नजर आहे. म्हणून ही पोस्ट आज लिहिली, उद्यावर टाकली नाही.

मला काय पाहिजे ते स्पष्ट लिहितो.

क्लासवाल्यांनी फी घेण्याआधी आपल्या खात्याचा तीन वर्षांचा कर भरलेला हिशेब भिंतीवर लावावा. नफा फीमधून आहे की वायद्यातून, ते पोरांना कळू द्या. सेबीने जानेवारी 2025 मध्येच सांगितलं होतं की ‘आम्ही फक्त शिक्षण देतो’ म्हणणाऱ्याने मागच्या तीन महिन्यांतले भाव दाखवून शिकवायचं नाही. इथे तर रात्री आठला चालू बाजारात ‘घ्या’ आणि ‘विका’ असे मेसेज पडतात. हे शिक्षण नव्हे.

आमच्या खासदारांनी एक प्रश्न विचारावा: सोयाबीन आणि हरभऱ्याच्या वायद्यावर एवढी वर्षं बंदी ठेवून ग्राहकाला काय मिळालं आणि शेतकऱ्याला काय मिळालं? लॉट छोटे करा, सट्टेबाजांवर मर्यादा घाला, मार्जिन वाढवा, हवं ते करा. पण मुदतवाढीवर मुदतवाढ, हा कारभार नव्हे. आणि बंदीच ठेवायची असेल तर निदान कारण सांगा, आकड्यांसकट.

माझ्या व्यवसायबंधूंनी अशा क्लासची बातमी लावू नये. जाहिरात घ्यायची तर जाहिरात म्हणून घ्या, वर ‘जाहिरात’ लिहा. मीही मागे अशी एक बातमी लावलेली आहे, फोटोसकट. तिचं कात्रण त्यांच्या ऑफिसात फ्रेम करून लावलंय. ते आठवलं की बरं वाटत नाही.

आणि पोरांनो, तुम्हाला. तुम्ही मूर्ख नाही. शिकून घरी बसलाय, नोकरी नाही, शेतीत भाव नाही, आणि कुणीतरी म्हणतंय की मोबाईलवर रस्ता आहे. मी तुमच्या जागी असतो तर मीही गेलो असतो. शिकायचंच असेल तर सहा महिने कागदावर सौदे लिहा, पैसा न लावता. दहातले किती चुकले ते मोजा. लागोपाठ किती चुकले ते मोजा. त्यातून निघालेला आकडा घरी आई-वडिलांना दाखवा. मग ठरवा. पण बियाण्याचा, खताचा, बहिणीच्या लग्नाचा पैसा त्यात घालू नका. आणि डब्ब्यात तर अजिबात जाऊ नका, तिथे जिंकलात तरी पैसे मिळतील याची खात्री नाही.

परवा काका बाजारात भेटले. पोरगा आता पुण्याला एका गोदामात कामाला लागलाय. बोलता बोलता त्यांनी सहज विचारलं, “भाऊ, यंदा तिकडं थंडी कशी हाय म्हणं?” मी म्हटलं, काका, आता कशाला बघताय? म्हणाले, “नाही, सवय लागली.”

क्लासवाल्या गृहस्थांना माझं उघड आमंत्रण आहे. खातं घेऊन या, मी चुकीचा निघालो तर याच भिंतीवर माफी मागेन, आणि बातमीही लावीन, पहिल्या पानावर.